सडा एकटीनं ओलांडताना घ्यायची काळजी

मी पदवीधर झाले याचं श्रेय मी आजवर पुष्कळांना दिलं आहे. आईला, वडिलांना, शाळा सुटल्यावर थांबून इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना. माझ्या सुरक्षिततेची काळजी वाहणाऱ्या मंडळींचे आभार मात्र राहून गेले. त्यांनी माझी इतकी काळजी घेतली, की त्यातून सुखरूप बाहेर पडायला मला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागली.

तेव्हा आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला नव्हता. आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचे, आणि मालवणला जाऊन आलेला माणूस म्हणजे जग पाहिलेला माणूस. गाव खाडीच्या काठाला माडांखाली, आणि गावाच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे काळ्या कातळाचं लांबच लांब पठार. पावसाळ्यात त्यावर गवत माजतं, दिवाळीनंतर ते पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात पाय भाजतात. गावातली मराठी शाळा सातवीपर्यंत होती. हायस्कूल सड्यापलीकडच्या बाजारगावात. सकाळी घाटी चढायची, सडा ओलांडायचा, पलीकडे उतरायचं, आणि संध्याकाळी तेच उलट.

माझे वडील गलबतावर तांडेल होते. नारळी पौर्णिमा झाली की जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. माझी सातवी झाली त्या वर्षी निघताना ते मोठ्या काकांना म्हणाले, "मी दर्यार आसंय तवसर हिची शाळा बंद करू नुको."

काका कुटुंबाचे कर्ते. त्यांनी भावाला शब्द दिला, आणि शब्दाला एक शेपूट जोडलं. "काय झाला नाय तवसर शिकांदे. काय झाला, की बंद."

हे 'काय' म्हणजे काय, ते कोणी मला सांगितलं नाही. आईला विचारलं तर ती चूल फुंकायला लागायची. काकूला विचारलं तर ती म्हणाली, "शी गो, असा विचारू नये." ज्या गोष्टीपासून स्वतःला वाचवायचं तिचं नाव माहीत असणंसुद्धा मुलीच्या जातीला शोभत नव्हतं. एवढं मात्र मला नीट कळलं होतं, की ते माझ्याशी कोणी केलं तरी शाळा माझी बंद होणार.

जूनपासून वडीलच पोचवत होते. आता एकटीनं जायचं कसं? गावातले तीन मुलगे त्याच हायस्कुलात जात होते. आईनं भीत भीत सुचवलं, की पोर त्यांच्याबरोबर जाईल. काका दचकलेच. एकटी गेली तर जिवाला धोका, मुलग्यांबरोबर गेली तर नावाला. या दोहोंत जपायचं काय, यावर आमच्या घरात फारशी चर्चा झाली नाही. शेवटी काकांनी मुलग्यांना बोलावून बजावलं, की पुढे चाला, पण इतके पुढे की कोणाला वाटू नये हिच्याबरोबर आहात, आणि इतके जवळ की हाक ऐकू येईल. हे अंतर नेमकं किती, ते मला बी.ए. होऊनही काढता आलेलं नाही. मुलग्यांनी ते पहिल्याच दिवशी काढलं. ते घाटी चढेपर्यंत हळू चालले आणि सडा लागताच जे धावत सुटले, ते मला शाळेच्या दारातच दिसले.

मग उपदेश सुरू झाला. काका म्हणाले, मान खाली घालून चालायचं, इकडेतिकडे बघायचं नाही. आपण कोणाला पाहिलं नाही की कोणी आपल्याला पाहत नाही, असा त्यामागचा विचार असावा. ससाही गवतात असंच करतो म्हणे. हेडमास्तरांनी वर्गात मुलींना उभं करून सांगितलं, की शुद्ध चारित्र्य हेच तुमचं चिलखत आहे. आम्ही चौघी जणी होतो. आम्ही आपापल्या परकरांकडे पाहिलं.

देवळात गाऱ्हाणंही घातलं. नारळ माझ्या हातात दिला आणि गावकार म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू विद्या शिकाक सड्यावरसून जाता. त्येच्या वाटेक कोण आडवो इलो, तर त्येका वाटेतच आडवो कर, रे म्हाराजा!" जमलेले सगळे पुरुष एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्या आवाजानं मला खरोखर धीर आला. नंतर नारळाचं खोबरं वाटून घेऊन सगळे घरी गेले, आणि माझ्या रक्षणाचं काम देवाकडे लागलं.

गणपतीला मुंबईहून मामा आले. ते बोटीनं यायचे आणि येताना काहीतरी नवीन आणायचे. त्या वर्षी त्यांनी जपानी कुस्ती आणली. त्यांच्या चाळीसमोर कोणीतरी शिकवत असे आणि मामा गॅलरीतून पाहत असत. त्यांनी मला घरापुढच्या खळ्यात उभं केलं.

"हां, मी गुंड. धर माझो हात."

मी मनगट धरलं.

"आता पीळ. भिया नुको गो, जोर लाव!"

मी आज्ञाधारक मुलगी. जोर लावला. मामा 'आयगे' म्हणून खाली बसले, आणि मुंबईला परत जाईपर्यंत त्यांचा हात गळ्यात होता. बोटीवर चढताना त्यांना दुसऱ्याचा आधार घ्यावा लागला. पण घरात निष्कर्ष असा निघाला, की पोर आडदांड होत चालली आहे, शाळेचा परिणाम.

आईनं काहीच उपदेश केला नव्हता. ती घरात इतकी हळू बोलायची, की काकांना वाटायचं तिला बोलायचंच नसतं. एके दिवशी काका दुपारी झोपलेले असताना ती मला परसात घेऊन गेली, पार दगडी गडग्यापर्यंत.

"कुकारो घालूक येता तुका?"

आमच्याकडे शेतातून, डोंगरावरून लांबच्या माणसाला हाक मारायची तर नावानं मारत नाहीत. नाव वाऱ्यानं तुटतं. हात तोंडाशी धरून 'कूऽऽ' असा एक लांब आवाज काढतात, तो कुकारो. आणि ऐकणाऱ्यानं उलट कुकारो द्यायचाच. हातातलं काम टाकून द्यायचा, शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी द्यायचा. पण घरात वावरणाऱ्या बाईमाणसानं तो घालायचा नाही. बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला की घराची शोभा जाते.

मी प्रयत्न केला. अंडं घालणाऱ्या कोंबडीसारखा आवाज निघाला.

"पोटातसून काढ, गळ्यातसून नको," आई म्हणाली, आणि तिनं पदर कमरेला खोचून हात तोंडाशी नेले. तो आवाज आईचा आहे, यावर मी समोर उभी असूनही माझा विश्वास बसेना. फणसावरचे कावळे उडाले. पडवीतून काका झोपेतून ओरडले, "कोण रे तो आरडता?"

"गुराखी असतलो खंयचो तरी," आई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. मग मला म्हणाली, "एक घालू नको हां. लागोपाठ दोन घाल. भूत एकच घालता."

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक. सड्यावर भर दुपारी आणि तिन्हीसांजेला भूत फिरतं, आणि ते माणसाला एकदाच हाक मारतं. त्या हाकेला ओ द्यायची नसते. दुसरी हाक आली तर मारणारा माणूस.

"पण आई, मी दोन कुकारे घातले तरी सड्यावर ऐकणार कोण? तिथे तर कोणीच नसतं."

"कोणी सांगल्यान?"

"सगळेच सांगतात."

आई हसली. "सगळे म्हंजे बापये. तू जातंस तेव्हा मान वर करून बघ."

दुसऱ्या दिवशी मी काकांचा उपदेश मोडून मान वर केली. गवतात कोयत्या चमकत होत्या. काजीच्या झाडांच्या उतारावर बायका वाकून वाळका पातेरा गोळा करत होत्या. तळीवर कोणी गोधड्या आपटत होतं. कातळाच्या कडेला ख्रिस्तांव वाडीतली एक म्हातारी, जिला सगळा गाव 'माय' म्हणत असे, शेणी वाळत घालत होती. सड्याला निर्जन म्हणायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. ज्या बायका वाकलेल्या असतात त्या कोणी मोजत नाही.

मी पार नववीत गेले. 'काय' काही झालं नव्हतं. तेव्हा काकांनी काळजीचा कळस केला. माझ्यासाठी त्यांनी एक रक्षक नेमला.

हे बाजारगावातले प्रतिष्ठित गृहस्थ. पांढरी टोपी, करकरणाऱ्या वहाणा, देवळाच्या कमिटीवर, भजनात टाळ धरणारे. त्यांची आमच्या गावात माडांची बाग होती आणि शनिवारी ते ती बघायला सड्यावरून यायचे. शनिवारी आमची शाळा सकाळची, म्हणजे परत येताना सड्यावर भर दुपार. काका त्यांना हात जोडून म्हणाले, "आमच्या चेडवार जरा लक्ष ठेवा." ते म्हणाले, "अहो, आपलीच मुलगी." कार्यालयात बोलतात तशी शुद्ध मराठी होती त्यांची. काकांना फार बरं वाटलं.

त्यांनी लक्ष ठेवलं. काकांच्या अपेक्षेपेक्षा जास्त ठेवलं. आधी ते पुढे चालायचे, मग बरोबर, मग दप्तर घेऊ का म्हणू लागले. दप्तर घेताना हात लागायचा. मी अंग चोरलं की हसायचे. "घाबरतेस काय, मी तर तुझा रखवालदार." मी शनिवारी शाळेतून उशिरा निघायला लागले, तर ते पाणंदीत थांबून राहायचे. लवकर निघाले, तर काकांकडे तक्रार आली, की मुलगी सांगितलेलं ऐकत नाही, एकटी पळते. काकांनी मला दटावलं.

घरी सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर 'काय' झालं असतं, आणि झालं की शाळा बंद. म्हणून मी ठरवलं, की काही झालेलं नाही. असं ठरवायला बीजगणितापेक्षा जास्त डोकं लागतं.

एका शनिवारी सडा उतरायला लागतो तिथे, गडग्याच्या खिंडीत, ते वाट अडवून उभे राहिले. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी ती खिंड. मी म्हटलं, "बाजूला व्हा." त्यांनी माझं मनगट धरलं. "एवढी घाई कसली? इथे कोण आहे बघायला?"

मी आधी मामांची जपानी कुस्ती केली. पण मामा गुंड झाले होते तेव्हा हात मी धरला होता. माझा हात कोणी धरला तर काय करायचं, तिथपर्यंत शिकवणी पोचण्याआधीच मामांचं मनगट मुरगळलं होतं. चारित्र्याच्या चिलखताचाही त्यांच्या पकडीवर परिणाम झाला नाही. देवाची जेवणाची वेळ असावी.

राहिला कुकारो. तो घातला की सगळ्या गावाला कळणार, की 'काय' झालं. म्हणजे आठवी, नववी, पुढे मॅट्रिक, सगळं त्या एका आवाजात संपणार. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसापेक्षा शाळा संपण्याचं जास्त भय वाटलं. मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझा मोकळा हात आपोआप तोंडाशी गेला.

पहिला कोंबडीचाच निघाला. दुसरा पोटातून आला. तिसरा, चौथा, मग मी मोजले नाहीत.

क्षणभर काहीच नाही. मग काजीच्या उतारावरून 'कूऽऽ'. तळीवरून 'कूऽऽ'. कातळाच्या कडेवरून मायचा घोगरा, फाटका 'कूऽऽ'. सगळ्या सड्याला कंठ फुटला. गृहस्थांनी माझा हात सोडला आणि ते गोल फिरून पाहू लागले, जणू काही कातळच बोलला.

बायका गवतातून उठल्या. कोयत्या हातातच होत्या. माय सगळ्यांच्या पुढे.

"काय वो सायबानू, वाट चुकलास?"

"काही नाही, काही नाही. मुलीचा पाय घसरला, म्हणून सावरत होतो."

"पाय घसारलो आणि हात धरलास?" गवतवाल्यांपैकी एक म्हणाली.

"टोपी बघा गो केदी धवी! शिरा पडो त्येच्या तोंडार!"

"अहो, हिच्या काकांनीच मला हिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. विचारा हवं तर."

"विचारूया मा," माय म्हणाली. "चला, समोरासमोर विचारूया. आणि रिकामे कित्याक येतास? बाईल माणूस भारो घेवन चलता आणि तुमी हात हलयत? घेवा!"

दोघींनी गवताचा भारा उचलून त्या पांढऱ्या टोपीवर ठेवला. त्यांनी तो घेतला. आजूबाजूला कोयत्या असल्या की माणूस बरंच काही घेतो.

अशी आमची वरात घाटी उतरली. अर्ध्या वाटेत आई भेटली, धापा टाकत, उलथनं हातातच. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं, माझं लाल झालेलं मनगट पाहिलं, भाऱ्याखालचा माणूस पाहिला. मग उलथनं घेऊनच आमच्याबरोबर चालू लागली.

गावात शिरलो तर भर दुपारी सगळी दारं बंद. एकही पुरुष बाहेर नाही. आमच्या घराचंही दार आतून लावलेलं. कारण मला नंतर काकूनं सांगितलं. काका जेवत होते. सड्यावरून बाईचा कुकारो ऐकू आला, आणि तोही बारा वाजता. काकांनी घास ताटात टाकला आणि म्हणाले, "दार लाव! ओ देऊ नुको! भूत!" पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला, पण काकांनी तोवर कान झाकून घेतले होते. मोजायला कान उघडे लागतात. वाडीतल्या इतर घरांतही असंच झालं. देवळात एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणणारे सगळे पुरुष आपापल्या दारामागे एका मनानं बसून राहिले. आई मागच्या दारानं निघाली तेव्हा काकांनी आतून बजावलं होतं, "खंय चललंस? भूत आसा ता!" ती म्हणाली होती, "भूत नाय, चेडू माजा."

मायनं दार ठोठावलं. "दादानू, उघडा दार. तुमी चेडवार लक्ष ठेवूक सांगितलेलो माणूस हाडलंव."

 आतून काकांचा आवाज, "कोण ता? दोनदा हाक मार!"

बायका हसल्या. मायनं मोठ्यानं दोनदा हाक मारली.

दार उघडलं, काकांनी भारा पाहिला, भाऱ्याखालची टोपी पाहिली, कोयत्या पाहिल्या. ते काही मूर्ख नव्हते. सगळं त्यांच्या लक्षात आलं, आणि सगळ्यात आधी हे, की ह्या माणसाला आपणच हात जोडले होते. गृहस्थ भारा टाकून खाडीकडच्या वाटेनं निघून गेले. काका एवढंच म्हणाले, "बभ्रो करू नुकात."

संध्याकाळी काकांनी खळ्यात बसून निकाल दिला. "मी सांगितलेलंय, काय झाला की बंद. शाळा बंद."

आई दाराआड उभी होती. काकांसमोर ती कधी बोललेली नव्हती.

"भावजी, ता शाळेन केल्यान काय?"

काका चमकले. "म्हंजे?"

"सगळो सडा, सगळी वाट, सगळी शाळा, दीड वरस. कोणी काय करूक नाय. तुमी नेमलेल्या माणसान केल्यान. मगे बंद त्येका करा. माझ्या चेडवाक कित्याक?"

काकांनी वळून दाराकडे पाहिलं.  "आणि परत काय झाला तर?"

"परत कुकारो घालतला. तुमी दार लावा, आमी जातलंव."

काका उठून आत गेले. ते 'बरं' म्हणाले नाहीत, तसं म्हणायची त्यांना सवयही नव्हती. पण शाळा बंद असंही पुन्हा म्हणाले नाहीत. सोमवारी मी दप्तर घेऊन निघाले. घाटीच्या माथ्यावर पोचले तेव्हा मागून, आमच्या परसातून, भर सकाळी आईचे दोन कुकारे आले. मी उलट दोन घातले. पुढे मायनं घेतले, मग काजीतल्यांनी, आणि मी शाळेत पोचेपर्यंत माझ्यापुढे आवाज चालत राहिला. मॅट्रिक होईपर्यंत हे रोज चाललं. काका ओटीवर चहा पीत बसलेले असायचे. म्हणे ते आधी बशी खाली ठेवायचे, दुसरा कुकारो आला की परत उचलायचे.

पुढे मी कोल्हापूरला शिकले, बी.ए. झाले. गावातल्या तरुण मंडळींनी देवळासमोर मांडव घालून माझा सत्कार ठेवला. अध्यक्ष म्हणून त्यांनी कोणाला बोलावलं असेल? टोपी तीच, वहाणा नव्या. तोवर मोटाररस्ता झाला होता. ते एस.टी.नं आले, सड्यावरून आले नाहीत. तरुणांना काही ठाऊक नव्हतं, आणि काकांना नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. बभ्रा नको म्हणून झाकलेली गोष्ट हार घालून घेऊन आमच्यासमोर बसली.

ते सुंदर बोलले. मुलींनी शिकलं पाहिजे, पण मर्यादा सांभाळली पाहिजे. "आजचा काळ कठीण आहे. माझं भगिनींना एवढंच सांगणं, की निर्जन वाटेनं एकटीनं जाऊ नये. सोबत कोणीतरी जबाबदार पुरुष असावा."

मांडवाच्या मागच्या टोकाला, जिथे बायका बसतात, तिथून 'कूऽऽ' झालं. फाटका, घोगरा आवाज. आणि लगेच दुसरा. मग आईचा. मग मांडवाच्या सगळ्या मागच्या अंगाला तो पेटतच गेला. गृहस्थ थांबले, त्यांनी पाणी मागितलं, आणि पुढचं वाक्य त्यांना काही केल्या सापडेना.

मी व्यासपीठावर होते, गळ्यात हार, अंगावर इस्त्रीचं पातळ. पदवीधर बाईनं अशा वेळी काय करावं ते विद्यापीठात शिकवत नाहीत. पण कुकारो ऐकला की उलट द्यायचा असतो. मी हात तोंडाशी नेला.

पहिल्या रांगेत काका बसले होते. या वेळी त्यांनी कान झाकले नाहीत, आणि कोण आरडतंय असंही विचारलं नाही.